उघड्या गाडीतला खर्ज

सोमवार पेठ, पुणे
१४ जानेवारी २००१

प्रिय अकबर,

सलाम. माझं पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझ्या धंद्यातला एक प्रश्न आहे. विश्रांतवाडीला दुकानात जाऊन नासिरला विचारणार होतो, पण तुझा भाऊ समजावून सांगत नाही, पाना घेऊन सरळ गाडीत शिरतो. मला आधी समजून घ्यायचं आहे. फोनवर हे जमायचं नाही, तू आकृती काढल्याशिवाय बोलतच नाहीस.

माझी हेराल्ड अजून चालते. कॉलेजात असताना आपण दोघांनी बोल्ट काढून तिचं छप्पर उतरवलं होतं आणि रविवार पेठेतल्या ताडपत्रीवाल्याकडून कापडी हूड शिवून घेतलं होतं, तीच. आता तिच्यात टेप आहे आणि दोन दारांत दोन स्पीकर. हूड उतरवून गाडी चालवतो तेव्हा गाणाऱ्याचा आवाज येतो, पेटी येते, झांजा तर नको इतक्या येतात. पण पखवाजाचा डावा हात अजिबात येत नाही. आवाज वाढवला की नुसती खरखर. मला खालचा आवाज हवा आहे, तुम्ही लोक ज्याला बेस म्हणता तो. बाकीचे आवाज कमी झाले तरी चालतील.

काय करू ते सविस्तर लिही. सुहासिनी बरी आहे, तुला नमस्कार सांगते.

तुझा
अनंत


मस्कत
२९ जानेवारी २००१

अनंता,

पत्र वाचून मी आणि दुकानातली सगळी पोरं हसलो. बँकेत इमानदारीनं कारकुनी करणारा माणूस, डोक्यावरचे केस निम्मे गेलेले, आणि याला उघड्या गाडीत बेस पाहिजे! इथे शेखांची अठरा वर्षांची पोरं येतात असलं मागायला. वहिनींनी तुला घरात ठेवलंय का अजून?

चेष्टा पुरे. ऐक. आधी स्पीकरच्या तारा बघ. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या असतील तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघं मिळून बेस खाऊन टाकतात. दहातल्या चार गाड्यांत हाच घोळ असतो. मग दारांच्या पत्र्याला आतून डांबरी शीट चिकटव. हेराल्डची दारं म्हणजे पत्र्याचे डबे, ती स्वतःच वाजतात. आणि आवाज वाढवत बसू नकोस, स्पीकर फाटेल.

पण खरं सांगू का, सगळ्यात सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे हूड चढव. बेसला कोंडायला खोली लागते. उघड्या गाडीत तो जन्मतो आणि तिथेच हवेत जातो. हूड चढव, काचा वर कर, आणि मग बघ. तसंही थंडीचे दिवस आहेत. या वयात डोक्याला वारा लागून सर्दी होईल तुला.

आकृती मागच्या पानावर काढली आहे.

तुझा
अकबर


सोमवार पेठ, पुणे
१८ फेब्रुवारी २००१

प्रिय अकबर,

तारा तू म्हणालास तशाच निघाल्या. उजव्या दारातल्या उलट्या होत्या. शीटही चिकटवलं. फरक पडला, पण थोडा.

मागच्या पत्रात तुला खोटं लिहिलं. सुहासिनी बरी नाही. मागच्या पावसाळ्यापासून तिला टीबी आहे, आणि तोही नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. रोज इंजेक्शन घ्यावं लागतं. ते सुरू करताना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "यानं कान जाऊ शकतात. जीव आणि कान यांत मी जीव निवडीन, पण कान तुमचे आहेत, तुम्ही सांगा." तिनं माझ्याकडे न बघताच मान डोलावली.

आधी दाराची घंटा गेली. मग कुकरची शिट्टी. मग फोन. उंच आवाज आधी जातात म्हणे, खालचे सर्वांत शेवटी. तिचे वडील पखवाज वाजवायचे, तुला आठवत असतील, आमच्या लग्नात वाजवला होता. अण्णांची एक कॅसेट आहे, कुठल्याशा उत्सवातली. घरातल्या टेपवर तिला आता त्यातलं काही ऐकू येत नाही. नुसता डावा हात तेवढा कधीमधी येतो, कणीक लावलेल्या बाजूचा. म्हणून मला बेस हवा आहे.

आणि उघडी गाडी का, तर तिला बस नको, रिक्षा नको, बंद खोली नको असं डॉक्टरांनी बजावलंय. मोकळ्या हवेत फिरवा म्हणाले. संध्याकाळी आम्ही निघतो. शेजारच्या लोकांना काही सांगितलेलं नाही, दमा आहे म्हणून सांगितलंय. वरच्या मजल्यावरचे गोपाळकृष्णकाका गॅलरीतून विचारतात, "काय हो, पेट्रोल स्वस्त झालं वाटतं?" तुलाही तेवढ्यासाठीच सांगितलं नव्हतं. एकदा शब्द बाहेर पडला की तो सगळीकडे जातो.

तू लिहिलंस म्हणून हूड चढवून पाहिलं. गाडी कालव्याच्या कडेला उभी केली होती. काचा वर केल्या आणि आवाज एकदम भरला. तिनं मान वळवली आणि म्हणाली, "अण्णा."

अकबर, गेल्या कित्येक महिन्यांत तिनं कुठल्याही आवाजाला नाव दिलं नव्हतं.

उघड्या गाडीत एवढाच आवाज मिळेल असं काही करता येईल का?

अनंत


मस्कत
३ मार्च २००१

अनंता,

तुझं पत्र दुकानात उघडलं आणि मिटून खिशात घातलं. मागच्या पत्रात मी काय काय लिहून बसलो, आठवून लाज वाटते. वहिनींना ते पत्र दाखवलं नसशील अशी आशा आहे.

पहिली गोष्ट. हूड आजच्या आज उतरव. मी लिहिलेलं विसर. मला माहीत असतं तर तो शब्द लिहिला नसता. आमच्या मामूंना हाच आजार होता, अम्मीनं त्यांची खाट अंगणात टाकली होती आणि आम्हा पोरांना उंबऱ्याच्या आत ठेवलं होतं. बंद गाडीत तू तिच्या शेजारी बसतोस, तिचा श्वास तू घेतोस. अण्णांचा पखवाज उघड्या गाडीतच वाजला पाहिजे. त्याची सोय मी करतो.

मागची सीट काढून टाक. जाड प्लायचा बंद खोका कर, हवा कुठूनही निसटता कामा नये. त्यात एक मोठा वूफर बसव आणि तो खोका वहिनींच्या सीटच्या पाठीला घट्ट टेकव, गाडीच्या तळाला बोल्टनं आवळ. उघड्यावर आवाज लांबून कानापर्यंत पोचत नाही, म्हणून तो अंगाला चिकटवून ठेवायचा. थोडं कान ऐकतील, थोडं पाठ ऐकेल. पण त्याला लागेल तेवढी वीज तुझा जुना डायनॅमो देणार नाही, अल्टरनेटर बसवावा लागेल. नासिरला मी फोन केला आहे. त्याला कारण सांगितलेलं नाही. तो येऊन सगळं करून जाईल, त्याला मधे प्रश्न विचारू नकोस.

हूड उतरवलंस एवढं लगेच कळव.

अकबर


सोमवार पेठ, पुणे
२२ एप्रिल २००१

प्रिय अकबर,

उशीर झाला, माफ कर. नासिरनं काम सुरेख केलं. खोका बसवून झाल्यावर स्वतः सीटवर बसला आणि म्हणाला, "दादा, पाठीत कुणी ढोल बडवतंय!"

रविवारी वाघोलीच्या पुढे गेलो होतो. एका शेताच्या कडेला गाडी थांबवली. सुहासिनी डोळे मिटून बसली होती, हात गुडघ्यावर. मधेच म्हणाली, "इथे अण्णा नेहमी घाई करायचे." कॅसेटमध्ये खरंच तिथे लय चढते. मी तिच्या गुडघ्यावरचं बोट बघत होतो, एकदाही चुकलं नाही. डॉक्टरांना सांगितलं की खालचं सगळं शाबूत आहे. ते म्हणाले, मग इंजेक्शन ठरल्याप्रमाणे पूर्ण करू. या महिन्यात थुंकीत जंतू सापडले नाहीत. पहिल्यांदाच.

हूड तू लिहिलंस तेव्हाच उतरवलं. काळजी करू नकोस.

तुझे उपकार कसे मानू कळत नाही, म्हणून मानत नाही.

अनंत


मस्कत
२० डिसेंबर २००१

सुहासिनीवहिनींना अकबरचा सलाम.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहितोय. अनंताच्या नावानं लिहिलं असतं तर ते तुमच्यापर्यंत पोचलं नसतं असं वाटलं, म्हणून पाकिटावर तुमचं नाव घातलं.

तुमची तब्येत सुधारली, वजन वाढलं, इंजेक्शनं संपली हे त्याच्या पत्रातून कळत होतं. कानांचंही त्यानं उन्हाळ्यानंतर लिहिलं, की आता काहीच येत नाही. वाचून फार वाईट वाटलं.

ईदच्या दिवशी मी त्याला फोन केला होता. वहिनी, तो खोकत होता. सुरुवातीला वाटलं ठसका लागला असेल. पण आम्ही बोललो तेवढा वेळ तो खोकतच होता. मधे फोन बाजूला ठेवायचा, परत उचलायचा. मी म्हटलं, "अनंता, हे काय?" तर म्हणाला, "अरे, खाली रस्ता खणलाय, धूळ." मी विचारलं, वहिनींना माहीत आहे का? तर हसला आणि म्हणाला, "तिला कुठे ऐकू येतं."

ते हसणं मला आवडलं नाही. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्हाला कळलं नसेल, आणि दुसरं कुणी सांगणारं घरात नाही. म्हणून मी सांगतोय. त्याला आजच डॉक्टरांकडे न्या.

तुमचा
अकबर


सोमवार पेठ, पुणे
९ जानेवारी २००२

अकबरभावजींस नमस्कार.

तुमचं पत्र दुपारी आलं. हे बँकेतून लवकर येऊन झोपले होते, हल्ली लवकर येतात, काम कमी आहे म्हणतात. मी आत गेले आणि यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हलत होती. मला ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही तोंड उशीत दाबून खोकत होते. शर्ट घामानं भिजला होता. मी त्यांना उठवलं, पत्र हातात दिलं. वाचलं. मग पाटीवर लिहिलं, "अकबरचे कान फार तिखट." आम्ही आता पाटीवर बोलतो.

तपासण्या झाल्या. तेच आहे. माझंच, त्याच गोळ्यांना दाद न देणारं.

तुम्ही यांना हुडाबद्दल काय लिहिलं होतंत ते मला तेव्हा माहीत नव्हतं, सगळी पत्रं आता वाचली. हूड उतरवलं नव्हतं, भावजी. माझी थुंकी स्वच्छ येईपर्यंत चढवलेलंच होतं. मी म्हणायचे, उघडा. हे खुणेनं सांगायचे, गार वारा आहे. खोका बसल्यावरही पुन्हा चढवायचे, लिहून दाखवायचे, बंद गाडीत आणखी चांगलं येतं. मी डॉक्टरांना विचारलं, त्यामुळेच झालं का? ते म्हणाले, एका घरात राहता, कशामुळे ते कुणीच सांगू शकणार नाही. तेव्हा तुम्हीही ते मनाला लावून घेऊ नका.

आता माझं सांगते. होळीनंतर मला काहीही येत नव्हतं. खालचा नाही, वरचा नाही. खोक्याचा धक्का पाठीला लागायचा आणि अण्णांची ती कॅसेट मला तोंडपाठ आहे. धक्क्यावरून जागा ओळखायची आणि बोलायचं. यांचा चेहरा असा उजळायचा की वाटायचं, आजच्या दिवस राहू दे. पण तेवढंच कारण नव्हतं. कान गेले हे डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी इंजेक्शन थांबवलं असतं. मला जगायचं होतं.

मी खरं सांगितलं असतं तर हूड उतरलं असतं. डॉक्टर काही म्हणोत, हे मला दिसतं.

यांना आता तेच इंजेक्शन सांगितलं आहे. हे नको म्हणतात. तुमचं ऐकतील.

सुहासिनी


मस्कत
२४ जानेवारी २००२

अनंता,

इंजेक्शन घे. कारणं सांगू नकोस, हिशेब मांडू नकोस, घे. तू मला खोटं लिहिलंस त्याबद्दल मी आल्यावर तुझ्याशी भांडेन. त्यासाठी तू तिथे असायला पाहिजेस.

अकबर


सोमवार पेठ, पुणे
१७ फेब्रुवारी २००२

प्रिय अकबर,

तुझं पत्र पाकिटाच्या मानानं फारच लहान होतं. तिकिटाचे पैसे वाया.

रागावू नकोस, विचार कर. दारात कुणी आलं तर घरात कुणाला कळणार? गॅस फसफसत राहिला तर? रस्ता ओलांडताना मागून ट्रक आला तर? डॉक्टर तोंडावर फडकं बांधून भराभर बोलतात, ते ऐकून तिला पाटीवर कोण लिहून देणार? आज ती माझ्या कानांवर घरात वावरते. दोघंही बहिरे झालो तर आम्ही दोन माणसं नाही, दोन कपाटं होऊ. घरात एकाला तरी ऐकू यायला हवं. डॉक्टर म्हणाले, नुसत्या गोळ्यांवर गुण येतो काही जणांना, पण खात्री देत नाही. मी म्हटलं, खात्री बँकसुद्धा देत नाही.

हुडाचं खोटं लिहिलं, ते मान्य. पण त्यात तुझा काही भाग आहे असं चुकूनही समजू नकोस. तिनं एकदा "अण्णा" म्हटल्यावर मी कुणाच्याही सांगण्यावरून ते उतरवलं नसतं. तिला तेव्हाही काही येत नव्हतं की काय, ते मी तिला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

सध्या ताप कमी आहे. भूक लागते. नासिर दर जुम्म्याला नमाजानंतर डोकावून जातो, येताना पपई आणतो. मला पपई आवडत नाही हे त्याला कसं सांगू ते कळव.

तुझा
अनंत


सोमवार पेठ, पुणे
२ नोव्हेंबर २००२

अकबरभावजींस नमस्कार.

नासिरनं तुम्हाला फोनवर कळवलंच आहे. मी आज लिहायला बसतेय.

पावसाळ्यात यांचं वजन उतरायला लागलं ते थांबलं नाही. गणपतीनंतर रक्त पडलं, तेव्हा स्वतःच म्हणाले, आता इंजेक्शन द्या. दिलं. डॉक्टरांनी पाटीवर लिहिलं, "उशीर झालाय, पण देऊ." कान मात्र शेवटपर्यंत चांगले होते. वॉर्डात कोण काय बोललं ते सगळं मला लिहून दाखवायचे. जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत लिहीत होते. अक्षर मोठं मोठं होत गेलं, एका पाटीत दोनच शब्द मावायचे.

शेजारी आता माझ्याशी बोलत नाहीत. बोलले तरी मला काय कळणार, म्हणून तेही बरंच आहे. गोपाळकृष्णकाका मात्र रोज सकाळी दुधाची पिशवी आमच्या कडीला अडकवून जातात. गाडी विकली. ज्यानं घेतली त्यानं खोका नको म्हणून इथेच काढून ठेवला, तो नासिर घेऊन गेला.

एक विचारायचं आहे. त्या दिवशी सकाळी मी आणि नासिर दोघंही खाटेपाशी होतो. यांनी डोळे मिटलेले होते. ओठ हलले, दोनदा. नासिर वाकून काहीतरी बोलला, त्याची पाठ माझ्याकडे होती. नंतर मी पाटी पुढे केली तर त्यानं लिहिलं, "पाणी मागितलं." मी पाणी पाजलं, ते ओघळलं.

पण भावजी, मला वर्षभरात ओठ थोडे वाचता येऊ लागलेत. पाणी म्हणताना ओठ मिटतात. यांचे मिटले नव्हते. मी पुन्हा विचारलं तर नासिर रडायला लागला, म्हणून सोडून दिलं. तो तुमच्याशी खोटं बोलणार नाही. यांचं शेवटचं बोलणं आपल्यात फक्त मलाच ठाऊक नसावं, हे बरोबर नाही. जे असेल ते लिहा.

सुहासिनी


मस्कत
१९ नोव्हेंबर २००२

सुहासिनीवहिनींना सलाम.

डिसेंबरात ईदला मी येतोय. माझी बायको मेहरुन तुमच्याकडे चार दिवस राहायला येईल म्हणते. तिला तुम्ही नको म्हणू नका.

नासिरशी फोनवर बोललो. तुम्ही स्वतःला दोष देत बसाल, म्हणून त्यानं तुम्हाला पाणी सांगितलं. मी त्याला म्हटलं, वहिनींनी मागितलंय, आपण लपवणारे कोण. मग त्यानं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

पलीकडच्या खाटेवर एक म्हातारे होते, ते सकाळपासून खोकत होते. अनंतानं डोळे न उघडता विचारलं, "ही खोकतेय का?"

नासिर म्हणाला, "नाही दादा. वहिनी चांगल्या आहेत."

म्हातारे परत खोकले. अनंतानं परत तेच विचारलं. नासिरनं परत तेच सांगितलं. मग अनंतानं मान हलवली, आणि त्यानंतर तो काही बोलला नाही.

तुमचा
अकबर